घरे उभी राहिली, गाव केव्हा वसले?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय दिला तो 'आपत्तीनंतरचे पुनर्वसन' असा. 'पुनर्वसन' हा शब्द सरकारी कागदांतून इतका फिरला आहे की त्यातले 'वसणे' आपल्या कानांना आता ऐकू येईनासे झाले आहे. माणूस धर्मशाळेतही राहतो, पण तिथे तो वसत नाही. वसण्याला शेजार लागतो, पाण्याची वाट लागते, उसनी वाटीभर साखर मागता येईल असे एखादे दार लागते. घर बांधून देता येते. या बाकीच्या गोष्टी बांधून देता येतात की नाही, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. मी भूकंपशास्त्रज्ञ नव्हे. बांधकामाचा विषय मुलांना शिकवण्यात माझी हयात गेली, आणि लहानपणी मी पूरग्रस्त होतो. दोन्ही गोष्टींचा आजच्या विषयाशी संबंध आहे.

१२ जुलै १९६१ या तारखेविषयी पुणेकरांना मी काय सांगावे? पानशेतचे धरण सकाळी फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फोडले, आणि लकडी पूल पाण्याखाली गेला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण थोपवून धरले होते, म्हणून पाणी रात्री न येता दिवसाढवळ्या आले. नाहीतर तुमच्यापुढे बोलायला मी उभा नसतो. आठ वर्षांच्या मुलाच्या आठवणी त्या किती असणार? भिजून फुगलेल्या धान्याचा आंबट वास आठवतो. विहिरीवरची रांग आठवते. कारण ज्या धरणातून शहराला पाणी यायचे तेच गेले होते. पाण्याने गाव बुडवले आणि मग प्यायला पाणी ठेवले नाही, हा विनोद वडील पुढे कितीतरी वर्षे करीत, आणि तो करताना हसत नसत.

आमच्या वाड्यात चौदा बिऱ्हाडे होती. वाडा पडला. पुढल्या दोन-तीन वर्षांत कोणी सहकारनगरच्या सोसायटीत गेले, कोणाला लोकमान्यनगरात जागा मिळाली, कोणी गोखलेनगरच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट्समध्ये. ज्यांच्याजवळ थोडी नोकरी, थोडे कागद आणि सोसायटी काढण्याइतकी ओळखदेख होती, त्यांना पुराने भाडेकऱ्याचे मालक केले, हे कबूल केले पाहिजे. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते ते तात्पुरत्या म्हणून दिलेल्या घरात पिढी काढून बसले. आणि पूरग्रस्तांच्या मालकीहक्काचा प्रश्न तर अर्धशतकाहून अधिक काळ सरकारदरबारी रेंगाळला. सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी या पुराच्या परिणामांची आणि पुनर्वसनाची पाहणी केली, ती १९६७ साली गोखले संस्थेने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिच्याकडे आपण पुणेकरांनी जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही, असे मला वाटते. माझ्या आईपुरते सांगायचे तर नवे घर जुन्यापेक्षा मोठे, उजेडाचे, नळ आत असलेले. आणि तरीही कितीतरी वर्षे ती भाजी आणायला बसने जुन्या पेठेत जात असे. भाजी नव्या घराजवळही मिळत होतीच.

ही माझी शिदोरी घेऊन मी १९९४च्या जानेवारीत विद्यार्थ्यांची एक तुकडी बरोबर घेऊन लातूर जिल्ह्यात गेलो. किल्लारीचा भूकंप होऊन तीन-साडेतीन महिने झाले होते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक दमून घरात झोपले होते. भूकंपाचे मान सहाच्या थोडे वर, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांत गणना होण्याजोगेही नव्हे. पण तो उथळ होता, वेळ झोपेची होती, आणि घरे तशी होती. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात किल्लारी, आणि तेरणेच्या पलीकडे आज धाराशिव म्हणतो त्या उस्मानाबाद जिल्ह्यात सास्तूर आणि भोवतालची गावे, एवढ्या लहानशा पट्ट्यात आठ ते दहा हजार माणसे गेली. त्याआधी वर्षभर, १९९२च्या ऑगस्टपासून, किल्लारीला शंभराहून अधिक लहान धक्के बसले होते. ऑक्टोबरातला एक तर चांगलाच होता. लोक घाबरले, बाहेर झोपले, मग धक्के थांबले आणि माणसे आत गेली. यात कोणाला दोष द्यावा? दख्खनचा हा दगडी पाया अढळ आहे असे आम्ही शिकवणारेही शिकवीत होतो.

आता घरांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. भिंत अडीच-तीन फूट जाड. ऐकायला भक्कम वाटते. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा थर, आणि मध्ये मातीत कालवलेला बारीक दगडांचा भराव. या दोन थरांना एकमेकांशी बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. हादरा बसला की दोन्ही थर सुटतात. बाहेरचा गल्लीत पडतो, आतला झोपलेल्या माणसावर. त्यावर माळवदाची माती. गळू नये म्हणून वरचेवर नवी माती टाकायची, त्यामुळे छप्पर वर्षागणिक जड होत गेलेले. पण याच घरात दुसरीही एक गोष्ट होती. खणांच्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असतो. भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा जागच्या जागी उभा, असे दृश्य मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. म्हणजे त्याच जुन्या घरात मारणारी वस्तूही होती आणि तारणारीही. दगड गुन्हेगार नव्हता. दगड बांधण्याची रीत चुकली होती, आणि ती सुधारता येण्याजोगी होती.

हे मी एका पत्र्याच्या शेडसमोर बसलेल्या दहा-बारा माणसांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. त्यांतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं खरं असंल. पन त्या दगडाखालून मी माझी नात काढलीया. आता मला दगडाच्या घरात झोपायला सांगू नगा."

मी गप्प बसलो. आजही त्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही. पण त्या माणसाच्या वाक्यातच पुढच्या पंचवीस वर्षांचा इतिहास होता, हे मला फार उशिरा कळले. किल्लारीच्या लोकांवर नव्या जागी जाणे कोणी लादले, असे काही लोक मानतात, ते खरे नाही. 'या मातीत आता राहायचे नाही' असे लोकच म्हणत होते. सरकारने ऐकले. ५२ गावे उठवून नव्या जागी वसवायचे ठरले, जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, देशभरातून देणग्या आल्या, संस्थांनी गावे दत्तक घेतली. शासन त्या वेळी झटून कामाला लागले होते, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले आहे. सुमारे २८ हजार घरे नव्या गावांत उभी राहिली. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०.

काही वर्षांनी मी पुन्हा गेलो. नवे गाव नकाशावर पाहावे तसे होते. सरळ रस्ते, काटकोनात चौक, एकसारखी घरे. रस्ते इतके रुंद की दुपारच्या उन्हात एका बाजूच्या ओसरीवरून समोरच्या बाजूच्या माणसाशी बोलायचे तर हाक मारावी लागे. जुने गावठाण जेवढ्या जागेत होते त्याच्या कितीतरी पट जागा नव्याने व्यापली होती. तेवढे रस्ते, तेवढी गटारे, तेवढे दिवे सांभाळायचे कोणी आणि कोणत्या पैशाने, याचे उत्तर ग्रामपंचायतीजवळ नव्हते. एका मापाची घरे पुष्कळ ठिकाणी एका रांगेत आली, म्हणजे ज्याची जमीन जेवढी त्याचा शेजार तेवढा. भावाभावांची घरे गावाच्या दोन टोकांना. आणि घरात? एका मावशींनी मला चहा दिला आणि मग सगळे घर फिरवून दाखवले. "घर पक्कं हाय बघा. पन कडबा कुठं ठिवावा? जनावरं कुठं बांधावी? आमची बळदं व्हती भिंतीत, वर्साची जवारी ऱ्हायची." भिंतीतले बळद, बाईला आडोशाची न्हाणी, ढाळजेत पाहुण्याला बसायची जागा, यांतले काहीच ४०० चौरस फुटांच्या आराखड्यात नव्हते. नाही म्हणायला, ते मग लोकांनीच केले. पत्रे जोडले, कुडे घातली, पुढे ओटा काढला, आणि काहींनी तर ज्याच्या भयाने गाव सोडले त्याच दगड-मातीची भिंत मागल्या अंगाला घातली. पुन्हा आरपार दगड न घालता. हे पाहून माझ्या पोटात गोळा आला. पंचवीस वर्षांची मास्तरकी वाया गेल्यासारखे वाटले.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. जुन्या गावाविषयी गहिवरून बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. पण जुनी गल्ली सगळ्यांनाच सारखी प्रिय नव्हती. ज्यांची वस्ती पिढ्यान्पिढ्या गावकुसाच्या कडेला होती, त्यांच्यापैकी एका तरुणाने मला सांगितले की नव्या गावात पोस्टमन आमच्या दाराशी डांबरी रस्त्याने येतो. बाकी गाव त्याला ओसाड वाटत असेल, मला नाही. काही गावांनी नव्या आराखड्यातही जुनी जातवार विभागणी आग्रहाने मागून घेतली, हेही तितकेच खरे. तेव्हा 'लोकांना विचारा' असे म्हणताना कोणत्या लोकांना, हे विचारावेच लागते.

या सगळ्या हकिकतीत फारसे कोणाच्या ध्यानात न राहिलेले काम दुसरीकडेच झाले. भूकंपाने ५२ गावे जमीनदोस्त केली, पण घरांना तडे गेले ते त्याहून कितीतरी मोठ्या मुलुखात. ही पावणेदोन लाखांहून अधिक घरे. त्यांची दुरुस्ती आणि बळकटी जागच्या जागीच करायची होती. इथे ठेकेदार नेमून भागण्यासारखे नव्हते. पैसे घरमालकाच्या बँकेतल्या खात्यात हप्त्याहप्त्याने, आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे. सिमेंट त्याने आणायचे, गवंडी त्याने ठरवायचा, अभियंत्याने येऊन पाहायचे. प्रारंभी काम फार रडतखडत चालले. लोकांना योजना कळेना, अभियंत्यांना लोक कळेनात. खेड्यातल्या माणसाला बळकटी म्हणजे काय हेच पटेना. त्याला नवे घर हवे होते. शेजारच्या तालुक्यात ते फुकट मिळत होते.

तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग ही प्रेमा गोपालन यांची संस्था या कामात आली. गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले, आणि हे हजारांहून अधिक गावांत झाले. सरकारी कागदांतला हा एक शब्द मात्र मला फार आवडतो. या बायकांचे काम काय? योजना घरोघर सांगायची, कोणाचा हप्ता अडला ते पाहायचे, आणि भिंतीत आरपार बांध पडतो की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. दगडी भिंतीला आरपार भोक पाडून त्यात वाकडी सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. दारा-खिडक्यांवरून भिंतीला चहूकडून पट्टा घालायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. एवढ्यात जुने घर पुष्कळ सुरक्षित होते. मी एका गावात एक बाई गवंड्याशी भांडताना पाहिली. "किती भोकं पाडलीस? कागदावर किती हायेत?" गवंडी म्हणाला, "बाई, तुला काय कळतंय?" ती म्हणाली, "मला मोजता येतंय." माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना या भिंतीपुढे उभे केले असते तर त्यांना तेवढे सुचले नसते.

आता नव्या गावातले पक्के घर चांगले की जुन्या गावातले दुरुस्त केलेले? सळई आणि सिमेंट मोजणारा म्हणेल, नवे. पण दहा वर्षांनी भिंतीला तडा गेला तर तो कसा बुजवायचा हे दुसऱ्या घरातल्या माणसाला ठाऊक होते. पहिल्या घरातला माणूस अर्ज लिहीत होता. माझा विद्यार्थी असलेल्या एका अभियंत्याशी याबद्दल माझा वाद झाला. तो म्हणाला, सर, तुम्ही गरिबाच्या गळ्यात कष्ट घालता आणि त्याला सहभाग म्हणता. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ज्या घरात कर्ता पुरुष गेला, म्हातारी तेवढी उरली, तिला बँकेत आणि सिमेंटच्या दुकानात हेलपाटे घालायला सांगणे हा सहभाग नव्हे. तिला बांधूनच दिले पाहिजे. पण पावणेदोन लाख घरांत अशा म्हाताऱ्या किती? बाकीच्यांनाही आपण त्या म्हातारीसारखे धरून चाललो, तर चूक होते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भुजचा भूकंप झाला. त्यानंतर काही थोड्या दिवसांत मराठवाड्यातल्या या बायका तिकडे गेल्या. ज्यांनी तोवर कधी जिल्हा ओलांडला नव्हता, अशाही काही त्यांत होत्या. कच्छी बोली त्यांना येत नव्हती. त्यांनी भिंती दाखवल्या, आपली घरे कशी पडली ते हातांनी सांगितले, काय मागायचे आणि काय घाईने कबूल करायचे नाही ते सांगितले. गुजरातेत बहुसंख्य गावांनी जागा सोडायला नकार दिला. पैसे हप्त्याने मालकाला, आणि प्रत्येक हप्त्याआधी अभियंत्याची पाहणी, अशा रीतीने तिथे दोन लाखांवर घरे लोकांनी आपापल्या जागी नव्याने बांधली. पुढे त्सुनामीनंतर तामिळनाडूतही आमच्या या बायका गेल्या. किल्लारीच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले मी पाहिले नाही.

मग किल्लारीत आणि कच्छात एवढा फरक का पडला? श्रीमंती-गरिबी, मदतीचा ओघ, परदेशी असलेले नातेवाईक, ही कारणे आहेतच. पण मला सगळ्यांत मोठे वाटते ते त्या म्हाताऱ्याचे वाक्य. नातीला दगडाखालून काढणाऱ्या माणसाला आपण त्याच महिन्यात विचारले, तुझ्या पणतवंडांनी कोठे राहायचे? त्याने त्या वेळी जे उत्तर द्यायचे तेच दिले. आपण ते कागदावर उतरवून घेतले, जमीन संपादन केली, आणि शिक्का मारला. पहिल्या वर्षी माणसाला बरा निवारा द्यावा. पत्र्याचा, पण उन्हात भाजून न काढणारा. शेत जवळ असावे, जनावर जवळ असावे, शाळा सुरू असावी. आणि गाव कोठे हे वर्षाने विचारावे. कदाचित तो म्हातारा तेव्हाही नव्या जागीच जातो म्हणाला असता. पण मग त्याने बळद मागितले असते, आणि भावाशेजारचा प्लॉट मागितला असता.

याला एक उत्तर आहे, आणि ते वजनदार आहे. डोंगर सुटला असेल तर वर्षभर थांबता येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. तिथे परत राहा असे कोण म्हणेल? नवे माळीण आमडे इथे बांधले, २०१७च्या एप्रिलात लोकांच्या ताब्यात दिले. त्याच वर्षी पहिल्याच पावसात भराव खचल्याच्या, भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. त्या रात्री पाऊस लागला तेव्हा त्या घरांतून कोणी झोपले असेल का? त्यानंतर २०२१ साली महाडजवळ तळिये, २०२३ साली खालापूरजवळ इर्शाळवाडी. सह्याद्रीच्या उतारावर अशा वाड्या अजून पुष्कळ आहेत. त्यांना हलवायचे की नाही हा प्रश्न आज, डोंगर जागेवर असताना, भयाविना, त्यांच्या ओसरीवर बसून विचारता येईल. त्यासाठी वेळ आहे आणि अजून कोणाचे काही गेलेले नाही. नेमके म्हणूनच तो कोणी विचारीत नाही. निधी आपत्तीनंतर मिळतो.

चिटणीसांनी घड्याळ दाखवले. पानशेतच्या पुराविषयी अधिक बोलावे अशी इथल्या काही ज्येष्ठ मंडळींची इच्छा होती, तिला मी पुरा पडलो नाही, याची मला जाणीव आहे. ज्यांनी तो पूर पाहिला असे समोर आठ-दहा जण तरी बसले असतील. त्यांतले कोणी निसेन हटमध्ये राहिलेले असेल तर त्यांनी प्रश्नोत्तराच्या वेळी आधी बोलावे. मी बाजूला बसून ऐकतो.